हमीदाचा हात

“…पण झाकायचा कधी, सर? हात असा उघडा ठेवून बसायचं तरी किती?” उन्मेषनं विचारलं.

हुपरीकर सर वाकून जखम धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जखम सांगेल,” ते म्हणाले.

“रक्ताचे रिपोर्ट चांगले आलेत. ताप उतरलाय. मी उद्या करू शकतो.”

“तू करू शकतोस… ते मला माहीत आहे.”

एवढं बोलून ते पुन्हा सलाइनचं पाणी ओतू लागले.

ही मिरजेतली गोष्ट. ज्या खोलीत ती घडली ती खोली आता नाही. इमारत पाडून तिथं नवी काचेची उभी राहिली आहे. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा खिडकीबाहेरची चिंच तेवढी ओळखीची वाटते.

भाजलेल्या, चिरडलेल्या, सडलेल्या अंगांवर पुन्हा कातडी चढवायची, हे आमच्या विभागाचं काम. डॉ. बाळकृष्ण हुपरीकर त्याचे प्रमुख. मी तिथं भूल देत असे. ऑपरेशनच्या टेबलाशी, पेशंटच्या डोक्याजवळ माझं स्टूल असायचं. तिथून शिकवणारा आणि शिकणारा, दोघंही नीट दिसायचे.

शिकणारा म्हणजे डॉ. उन्मेष टिपणीस. मुंबईहून मायक्रोसर्जरीचं शिक्षण घेऊन नुकताच आला होता. काडेपेटीतल्या काडीएवढी रक्तवाहिनी, केसाहून बारीक दोऱ्यानं, मायक्रोस्कोपखाली तो अशी जोडायचा की बघत राहावं.

आपल्याला काय येतं हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

आणि तो उघडा हात होता हमीदा मणेरचा.

हमीदा बांगड्या भरायची. आठवड्याच्या बाजारात तिचं दुकान लागायचं. सणाच्या तोंडावर मालाची पेटी उघडताना डाव्या हाताच्या मागच्या बाजूला काच लागली. एवढीशी. बांगड्यांच्या धंद्यात काच रोजचीच, तिनं हळद दाबली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी हात सुजला. मग ताप चढला. नवरा दस्तगीर तिला घेऊन आमच्याकडे आला तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती आणि मनगटावरची कातडी काळी-निळी पडली होती.

कातडीखालून पसरत जाणारा संसर्ग होता तो. वर थोडं दिसतं, आत बरंच सडलेलं असतं.

त्या दिवशी टेबलावर उन्मेषनं काळी पडलेली कातडी कापून काढली आणि हात थांबवला.

“बास, सर. पुढची कातडी चांगली आहे.”

सरांनी त्या चांगल्या कातडीखाली बोट घातलं. बोट सहज आत गेलं. कुठे अडलंच नाही. मागोमाग राखाडी, पातळ पाणी आलं.

“बोट अडेल तिथं थांबायचं,” सर म्हणाले.

बोट कोपराच्या अलीकडे अडलं. तोवर हाताची अख्खी मागची बाजू उघडी झाली होती. पांढरे स्नायुबंध उघड्यावर आले होते, सतारीच्या तारांसारखे.

दुसऱ्या विभागाचे एक ज्येष्ठ सर्जन बघून गेले. कोपरापासून हात काढावा असं त्यांचं मत पडलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. अशा वेळी आधी जीव बघायचा असतो. सरांनी दोन दिवस मागून घेतले.

हमीदा शुद्धीवर आल्यावर सर तिच्या खाटेशी बसले. काय काय होऊ शकतं ते त्यांनी तिला सरळ सांगितलं, हात जाण्यासकट.



“एका हातानं बांगडी भरता येत न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “एका हातानं बाईचा पंजा दाबायचा असतोय… दुसऱ्यानं बांगडी सरकवायची.”

“दाबणारा हात कुठला?”

“ह्योच की.”

सर उठले. बाहेर दस्तगीर उभा होता. त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

हात वाचला. संसर्ग तिथंच थांबला.

मग रोज जखम धुणं सुरू झालं. सर रोज स्वतः धुवायचे. ते खरं तर आमच्या शिकाऊ डॉक्टरांचं काम. उन्मेषला ते आवडायचं नाही. विभागप्रमुखानं रोज सकाळी बेसिन घेऊन बसावं हे त्याला कमीपणाचं वाटे. त्यातून आपला मायक्रोस्कोप रिकामा पडलाय, हेही होतंच.

“सर, मी रिकामा बसलोय,” तो एकदा म्हणाला.

सरांनी त्याच्या हातात पाण्याचं भांडं दिलं.

तेव्हापासून उन्मेष पाणी ओतायचा आणि सर धुवायचे. पुढं पुढं सर पाणी ओतायला लागले आणि उन्मेष धुवायला लागला. ही अदलाबदल कधी झाली ते माझ्याही लक्षात आलं नाही.

एका सकाळी त्यानं जखमेवरून कापूस फिरवला आणि तो थांबला. डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ताजं मांस वर आलं होतं. कापसाला चिमूटभर लाल लागलं.

उन्मेषनं सरांकडे बघितलं.

“काय म्हणतेय?” सरांनी विचारलं.

तो हसला. त्या दिवसांत तो क्वचितच हसायचा.

“हो म्हणतेय.”

कसं झाकायचं याची चर्चा झाली. पूर्वी सर हात पोटाला शिवून ठेवत. पोटाची कातडी हाताला धरली की तीन आठवड्यांनी सोडवायचा. अशी कितीतरी माणसं आमच्या वॉर्डात हात पोटाशी धरून हिंडताना मी पाहिली होती.

“ते आता जुनं झालं, सर,” उन्मेष म्हणाला. “आणि एवढी मोठी जागा त्यानं झाकणारही नाही. मी मांडीचा तुकडा घेतो, त्याच्या धमनी आणि शिरेसकट. हातातल्या रक्तवाहिन्यांना जोडतो. एका दिवसात काम होईल.”

मी सरांकडे बघितलं. उभ्या आयुष्याची विद्या कुणी एका वाक्यात जुनी करून टाकली की माणसाला काय वाटतं, ते मला बघायचं होतं.

“हो… जुनं झालं,” सर म्हणाले. “तू कर. मी मदतीला उभा राहीन.”

आणि ते खरंच मदतनीसाच्या जागी उभे राहिले. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मायक्रोस्कोपच्या पेडलचा बारीक कुरकुर आवाज. निर्जंतुक कपड्यांचा वाफेचा वास. बाहेर चिंचेवर पोपटांचा कलकलाट. आणि उन्मेषची बोटं. ती हलताहेत असं वाटायचंच नाही.

शेवटचा चिमटा सुटला. मांडीचा तो फिकट तुकडा हळूहळू गुलाबी झाला.

 अशा क्षणी थिएटरात बोलायची पद्धतच नव्हती.

मग उन्मेषनं कडा शिवल्या. टाके असे पडले होते की एखाद्या गृहिणीनं रुमालाची कड दुमडून घातली असावी. एकसारखे, जवळजवळ. दुसऱ्या विभागांतले डॉक्टर ते बघायला आले. कुणीतरी कॅमेरा आणला.

“सर, बघा ना.”

सरांनी चष्मा सावरून बघितलं.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “फार सुंदर आहे…”

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर धावत आल्या. तुकडा निळा पडत होता.

मी पोचले तेव्हा उन्मेष खाटेशी उभा होता. चेहरा पांढराफटक. हात सुजला होता. जोडलेली कातडी जांभळाच्या रंगावर गेली होती. रक्त आत येत होतं, पण परत जात नव्हतं.

“शीर बंद पडली,” तो म्हणाला. “जोड पुन्हा करायला हवा. थिएटर तयार करा. मॅडम, तुम्ही भूल…”

 हमीदा त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

सर आले. बोटांच्या मागच्या बाजूनं त्यांनी त्या कातडीची ऊब बघितली.

“कात्री,” ते म्हणाले.

सिस्टरनी कात्री दिली.

“सर, ते टाके…”

सरांनी पहिला टाका कापला. मग दुसरा. मग पुढचा. कालची ती रुमालाची कड बघता बघता उसवत गेली. आतून काळं, गोठलेलं रक्त बाहेर आलं. मागून थोडं पातळ, मग लाल.

उन्मेषनं तोंड फिरवलं होतं.

“इकडे बघ,” सर म्हणाले.

त्यानं बघितलं. जांभळा रंग उतरत होता… कडेकडून, अगदी सावकाश.

खात्री करायला आम्ही तिला थिएटरात नेलंच. जोड शाबूत होता. शिरेला काही झालं नव्हतं. आत रक्त साठून तिच्यावर दाब आला होता, आणि सूज चढल्यावर घट्ट शिवलेल्या कातडीनं तिला जागाच ठेवली नव्हती.

उसवलेली कड नंतर पातळ कातडी लावून भरून काढावी लागली. तिथं वेडावाकडा, खडबडीत वण राहिला. कधीच न जाणारा.

“हात वाचला,” उन्मेष एकदा चहा घेताना म्हणाला. “पण आता फोटो दाखवण्यासारखा राहिला नाही, सर.”

“कुणाचा फोटो?” सरांनी विचारलं.



कातडी धरली. पण बोटं वळेनात. मांडीच्या कातडीखाली स्नायुबंध चिकटून बसले होते. रोज व्यायाम चालायचा. हमीदा ओठ दाबून सोसायची. तिची मूठ मिटत नव्हती.

एक दिवस दस्तगीरनं दुकानातून बांगड्या आणल्या. वॉर्डातल्या एका सिस्टरनं हौसेनं हात पुढं केला. हमीदानं तिचा पंजा डाव्या हातात धरला, दाबला, बांगडी सरकवली… आणि ती तडकली. सिस्टरच्या हातातून रक्त आलं.

हमीदानं बांगड्यांचा पुडा उशाखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“बोटं ऐकत न्हाईत,” ती म्हणाली. “कातडी बी माझी न्हाई. किती दाबलं ते हाताच्या मागच्या अंगाला कळतच न्हाई. कुणाचा तरी हात आणून लावलाय.”

उन्मेष तिला समजावू लागला. संवेदना परत यायला किती काळ लागतो, किती टक्के येते, ते सगळं. ती ऐकत नव्हती.

सरांनी स्टूल ओढलं. शर्टाची बाही वर सारली आणि आपला हात तिच्यापुढं धरला.

“भरा.”

हमीदा वळून बघू लागली.

“साहेब, बाप्या माणसाला… मस्करी करता व्हय?”

“मोडली तर माझा हात कापेल. भरा.”

“मोठं साहेब, ह्या हातानं तुमी आपरेशन करता.”

“म्हणून तर जपून भराल.”

 शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं पदर तोंडाशी धरला.

हमीदानं सरांचा हात घेतला. सरांचा पंजा रुंद, हाडं जाड. पहिली बांगडी तडकली. सरांच्या अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब आला.

“दुसरी,” सर म्हणाले.

दुसरीही तडकली.

“तिसरी.”

हमीदाच्या कपाळावर घाम आला होता. तिनं डोळे मिटले. सरांचा अंगठा तळव्यात दुमडला, हळूहळू दाबत नेला… आणि हिरवी बांगडी मनगटावर गेली.

ती डोळे उघडून बघतच राहिली.

सर उठले आणि तसेच राउंडला निघाले. उन्मेष त्यांच्या मागून गेला.

“सर, ती काढा ना. लोक बघतायत.”

“बघू देत.”

“विद्यार्थी हसतील.”

“हसू देत.” सर पुढच्या खाटेशी थांबले. “उद्या तुझा हात.”

दुसऱ्या दिवशी उन्मेष स्टुलावर बसला. लाजला होता, चिडलाही होता. केसाहून बारीक दोरा धरणारा तो हात त्यानं पुढं केला आणि डोळे खिडकीकडे लावले. हमीदानं त्याच्या हातावर तीन बांगड्या मोडल्या. मग एक भरली.

 त्यानंतर रोज दुपारी मात्र तोच स्टूल ओढून बसायचा. मग सिस्टर बसल्या, मी बसले, ती म्हातारीही बसली. त्या महिन्यात आमच्या अख्ख्या विभागाच्या हातात काकणं किणकिणत होती. थिएटरात जाताना आम्ही ती काढून खिडकीत ठेवत असू. अजून कुठे काचेचा तसा आवाज झाला की मला ती खिडकी आठवते, ते ऊन आठवतं.

हमीदा घरी गेली. काही दिवस दाखवायला येत होती. मग येईनाशी झाली.

वर्षं गेली. उन्मेषनं कोल्हापुरात स्वतःचं रुग्णालय काढलं. त्याचं नाव झालं. डोक्यावरचे केस गेले, दाढी आली, तीही पांढरी झाली. सर निवृत्त होऊन मिरजेतच राहिले. डोळे अधू झाले होते. मी अधूनमधून सकाळी त्यांच्याकडे चहाला जात असे.

सर गेले त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आम्ही दोघं अंगणात चिकूच्या झाडाखाली बसलो होतो. उन्मेष न कळवता आला. सरांच्या पाया पडला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. चहा घेतला. 

“काल हमीदा भेटली,” तो म्हणाला.

“कोण हमीदा?” सरांनी विचारलं.

“बांगड्यावाली, सर. डावा हात.”

“हां…” सरांचा चेहरा उजळला. “कुठं?”

“इथल्याच बाजारात. बायकोला माहेरच्या लग्नासाठी बांगड्या भरायच्या होत्या. आम्ही एका दुकानाशी थांबलो. बायकांची ही गर्दी. सुलभानं हात पुढं केला, आणि मी दुकानवालीचा हात बघितला.” तो थांबला. “माझाच तुकडा होता, सर. मांडीचा. आणि तो वण… तुम्ही उसवलं होतं तिथला.”

“चालतो हात?”

“चालतो म्हणजे… सुलभाशी गप्पा मारत भरत होती. बघतही नव्हती हाताकडे.”

“आणि तुझ्याकडे?”

उन्मेष कडवट हसला.

“बघितलं ना. एकदाच. म्हणाली, साहेब, जरा बाजूला सरका, उजेड अडतोय.”

 मी हसू दाबलं.

“सुलभानं तिला विचारलं, हाताला काय झालं होतं? तर ती हाताकडे अशी बघायला लागली, जणू कुणाचं विचारतायत. मग म्हणाली, ‘हां, त्ये व्हय? जुनं हाय. काच लागली हुती.’ बस, एवढंच. काच लागली होती.”

त्यानं कप खाली ठेवला.

“सर, त्या हातासाठी मी दिवसभर उभा होतो. नंतर कितीतरी रात्री झोपलो नव्हतो. माझ्या याच हातात तिनं बांगड्या भरल्या होत्या. मी आजवर शेकडो हात जोडले, पण कुणी विचारलं तर मी तिचाच सांगतो. आणि तिला माझा चेहरासुद्धा आठवू नये?”

चिकूवर खार चढली. सर तिकडे बघत होते. त्यांना ती दिसत होती की नाही कोण जाणे.

“नाव सांगायचंस,” ते म्हणाले.

“सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.”

“मग?”

उन्मेष आपल्या हाताच्या पंज्याकडे बघत राहिला.

“तिच्यापुढं बायका खोळंबल्या होत्या, सर… सगळ्यांना घाई होती. आणि तिचा हात छान चालला होता. म्हटलं, कशाला थांबवायचं.”

“मग काय केलंस?”

“काही नाही. बाजूला सरकलो.”

सरांनी हात लांबवून उन्मेषचा खांदा थोपटला. मग त्यांनी चाचपडत कप उचलला, उरलेला थंड चहा संपवला आणि माझ्याकडे वळले.

“चला, वसुधा… दोन्ही पेशंट घरी गेले.”